मदत हवी आहे : संशोधन पद्धती या विषयाची विद्यार्थ्यांना वाटणारी भीती

नमस्कार. मी नाशिकमधील एका महाविद्यालयात एम.ए. समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाला संशोधन पद्धती शिकवते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून राज्यातील पदव्युत्तर अभ्यासक्रमांत हा विषय ४ श्रेयांकांचा (क्रेडिटचा) आणि अनिवार्य झाला असून पुढे संशोधन प्रकल्पही करावा लागतो, त्यामुळे ज्यांना तो नकोसा वाटतो त्यांचीही त्यातून सुटका नाही.

सुरगाणा, पेठ, दिंडोरी भागांतून येणाऱ्या माझ्या बऱ्याच विद्यार्थ्यांचा गणिताशी संबंध दहावीनंतर तुटलेला आहे. प्रमाण विचलनाचे (आकडे सरासरीपासून किती पसरलेले आहेत, याच्या मापाचे) नाव निघताच वर्ग गप्प होतो, पण नेमके कुठे अडले हे कोणीही विचारत नाही आणि मला या गप्प बसण्याचीच अधिक काळजी वाटते. सांख्यिकीविषयीची चिंता मोजण्यासाठी क्रूझ, कॅश आणि बोल्टन यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या मापनश्रेणीत परीक्षेच्या चिंतेबरोबरच मदत मागण्याची भीती आणि शिक्षकांची भीती हे वेगळे घटक धरले आहेत. ते मला पूर्णपणे पटते.

हेच विद्यार्थी लासलगावच्या कांदा लिलावाबद्दल किंवा द्राक्षहंगामातील मजुरांच्या टोळ्यांबद्दल फार बारकाईने बोलतात, तुलना करतात, कारणे शोधतात. मात्र संशोधन हे पीएच.डी. करणाऱ्यांचे काम, नोकरीत त्याचा उपयोग नाही, असे त्यांचे ठाम मत आहे.

म्हणून व्याख्या आणि गृहीतके यांआधी मुलाखती व छोटी प्रश्नावली घ्यावी आणि त्यांनीच गोळा केलेल्या आकड्यांवर सरासरी शिकवावी, असा माझा विचार आहे. असे कोणी केले आहे का? त्याने भीती कमी होते की नुसती पुढे ढकलली जाते? शिवाय सत्राच्या आरंभी आणि शेवटी चिंता मोजायची, तर गुण माझ्याच हातात असताना विद्यार्थी खरे उत्तर देतील का? नावे घेतली नाहीत, तर दोन्ही वेळची उत्तरे जुळवायची कशी?

प्रतिसाद :

मॅडम, मी समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्यापासूनच सुरुवात करून देतो. त्याने विषयाबद्दलची नावड नक्की कमी होते. परीक्षेची धास्ती मात्र टिकते, तेव्हा जुन्या प्रश्नपत्रिकांचा सराव सोडू नका. नावाऐवजी आईच्या नावाचे पहिले अक्षर आणि स्वतःच्या जन्मतारखेचा दिवस असा संकेत लिहून घ्या, म्हणजे दोन्ही प्रश्नावल्या जुळतील. या प्रश्नावल्या एखाद्या सहकाऱ्याकरवी भरून घ्याव्यात आणि निकाल लागल्यावरच उघडाव्यात, आणि हे विद्यार्थ्यांना आधीच सांगावे.