रक्तदाब असलेल्या घरात कोणते मीठ वापरावे?

प्रश्न: माझ्या सासूबाईंना उच्च रक्तदाब आहे. सैंधव वापरल्यास मीठ मोजण्याची गरज उरत नाही, असे अनेक जण सांगतात. हे खरे आहे का, आणि कमी सोडियमचे मीठ सर्वांच्या स्वयंपाकात घालता येईल का?

पहिले उत्तर: सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते, त्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी ही मर्यादा त्यालाही लागू होते.

दुसरे उत्तर: चीनमधील 600 खेड्यांत, पूर्वी पक्षाघात झालेल्या किंवा रक्तदाब असलेल्या सुमारे 21 हजार लोकांवर झालेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, 25 टक्के पोटॅशियम क्लोराइड असलेले कमी सोडियमचे मीठ वापरणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचे प्रमाण 14 टक्क्यांनी कमी आढळले. मात्र मूत्रपिंडाचा विकार असल्यास किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असल्यास रक्तातील पोटॅशियम धोकादायक पातळीला जाऊ शकते, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ कृपया आणू नका. लहान मुले आणि गर्भवती यांच्यासाठी तर जागतिक आरोग्य संघटनेची 2025 ची हे मीठ वापरण्याची शिफारस नाहीच.

तिसरे उत्तर: आमच्याकडे ताटात डावीकडे मीठ वाढणे बंद केले आणि लोणचे-पापड सणापुरते ठेवले. पहिले काही आठवडे आमटी अळणी लागली, नंतर जिभेला सवय झाली.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार. आधी त्यांचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घेते.