मदत हवी आहे: इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचा निधी नेमका कशासाठी असतो?

नमस्कार मंडळी. आम्ही यंदाच अमेरिकेत आलो. मुलगी तिसरीत आहे, आतापर्यंत मराठी शाळेत शिकली. प्रवेशाच्या वेळी घरातल्या भाषेचा फॉर्म भरला, चाचणी झाली आणि 'इंग्लिश लर्नर' असा शिक्का बसला. त्याबद्दल तक्रार नाही. पण ईएसएलच्या (इतर भाषिक मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्या) बाई आठवड्यातून एकदाच येतात, तेही अर्धा तास. विचारलं तर उत्तर मिळालं, "आमच्याकडे अशी मुलं कमी, म्हणून टायटल थ्रीचे पैसे तुटपुंजे येतात."

मग मी थोडं वाचलं. टायटल थ्री म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्या मुलांसाठीचा केंद्राचा निधी; २०१५च्या शिक्षण कायद्यानुसार तो राज्यामार्फत येतो, मुख्यतः मुलांच्या संख्येवर. वाटा १०,००० डॉलरपेक्षा कमी भरला तर डिस्ट्रिक्टला (परिसरातल्या शाळा चालवणाऱ्या संस्थेला) तो एकट्याने मिळत नाही, शेजारच्यांशी गट करावा लागतो. म्हणजे त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नसावं. पण हा पैसा पूरक आहे ना? मूळ खर्च राज्याच्या आणि स्थानिक पैशातून व्हायला हवा. मुलांना समजेल अशी मदत देण्याची जबाबदारी तर सर्वोच्च न्यायालयातल्या १९७४च्या लाऊ खटल्याच्या निकालापासूनच शाळांवर आहे!

कुणी यातून गेलंय का? खर्चाचा हिशेब पालकांना मागता येतो का, आणि मागायचा कुणाकडे, डिस्ट्रिक्टच्या ईएल (इंग्लिश लर्नर) समन्वयकांकडे की थेट स्कूल बोर्डाच्या बैठकीत? भांडखोर पालक म्हणून मुलीवर राग निघू नये, एवढीच धास्ती. (नवरा म्हणतो, नाताळपर्यंत थांब. मला धीर नाही.)