मुलीला ९२ पर्सेंटाइल, पुण्याचं मॅनेजमेंट घ्यावं का कॅपमधून (सरकारच्या सामाईक प्रवेश फेऱ्यांतून) लागेल ते? सल्ला हवाय

काळी_माती (ता. जिंतूर):

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. मोठी लेक बारावी झाली, सीईटीला पीसीएममध्ये ९२.४ पर्सेंटाइल आलेत. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग अकरावी बारावी परभणीला रूम करून राहिली, स्वतः स्वयंपाक करून शिकली. आमच्या घरातून इंजिनिअरिंगला जाणारी ती पहिलीच. ओबीसी आहोत, पाच एकर कोरडवाहू, कापूस सोयाबीन, उत्पन्नाचा दाखला आठ लाखाच्या कितीतरी आत.

गेल्या आठवड्यात एकजण घरी आला, पुण्याच्या एका खाजगी कॉलेजचा माणूस म्हणे. एआय डेटा सायन्सला सीट पक्की, मॅनेजमेंट कोट्यातून, आत्ता पन्नास हजार भरा आणि ओरिजिनल कागद द्या, कॅपच्या नादी लागलात तर पोरगी कुठंतरी लांब सिव्हिलला जाऊन पडेल असं म्हणतो. फी वर्षाला एक लाख साठ हजार, होस्टेल मेस वेगळं. मुलींना फी माफ आहे ना विचारलं तर म्हणाला होतं सगळं मागून, आधी सीट तर धरा.

लेकीला कॉम्प्युटरच पाहिजे. तिची आई म्हणते नांदेडला बघा, परभणीहून गाडीत बसलं की तासा दीड तासात पोचता येतं, दुखलं खुपलं तर लेकरू जवळ राहील. मला यातलं काही कळत नाही आणि दोन रात्री झोप नाही. काय करावं? आणि दुसरं म्हणजे मराठी शाळेतली पोरगी तिथं टिकेल का, तिला आत्तापासून काय करायला सांगू?

---

खडू_आणि_फळा:

दादा, सगळ्यात आधी एक करा, ओरिजिनल कागद कुणाच्याही हातात देऊ नका. झेरॉक्स सुद्धा देऊ नका. मी ज्युनियर कॉलेजला शिकवतो आणि दरवर्षी पोरांचे फॉर्म भरून देतो, जूनपासून माझ्या टेबलाभोवती हेच चालू असतं, म्हणून सविस्तर लिहितो.

फीचं तो माणूस खोटं सांगतोय. २०२४-२५ पासून शासनाने ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना आठ लाखाच्या आत उत्पन्न असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ केलंय, जीआर ८ जुलै २०२४ चा आहे. पण ते कॅपमधून प्रवेश घेतला तरच. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की ती सवलत गेली, मागून काही होत नाही. म्हणजे हिशोब करा, एक लाख साठ हजार गुणिले चार, सहा लाख चाळीस हजार, हे तुमच्या खिशातून. आणि ९२ ला मुलीला कॅपमधून खाजगी कॉलेजला चांगली ब्रँच लागायची शक्यता भरपूर आहे, तिथं शिक्षण शुल्क शून्य. डेव्हलपमेंट फी, होस्टेल, मेस मात्र भरावं लागतं, ते धरूनच चला.

कागद आजच तपासा. नॉन क्रिमीलेअर पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं पाहिजे, मागच्या वर्षी काढलेलं चालेलच असं नाही. जात पडताळणी हातात नसेल तर अर्ज केल्याची पावती ठेवा. डोमिसाइल, उत्पन्न दाखला. सेतूवर शेवटच्या आठवड्यात मुंगीला जागा नसते. गेल्या खेपेला एका पोराचं नॉन क्रिमीलेअर मुदतीत आलं नाही आणि त्याला ओपनमधून धरलं, पोरगा माझ्यासमोर खुर्चीत बसून राहिला, काही बोलेना. ते नको.

आता ऑप्शन फॉर्म. मागच्या वर्षीच्या कटऑफची पीडीएफ सीईटी सेलच्या साईटवर असते ती उतरवून घ्या. त्यात कोड असतात, सुरुवातीला एल असेल तर मुलींची सीट (मुलींना तीस टक्के आहेत), जी म्हणजे जनरल, मधे कॅटेगरी, आणि शेवटी एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी (आपल्या भागाचं विद्यापीठ), ओ म्हणजे बाहेरची, एस म्हणजे राज्य पातळी. तुमची होम युनिव्हर्सिटी नांदेडची. पुण्याचं कॉलेज बघताना ओ किंवा एस वाला आकडा बघा, एच वाला बघून लोक हुरळतात. उत्पन्न बसतं म्हणून टीएफडब्ल्यूएसचे (कमी उत्पन्नवाल्यांसाठी शिक्षण शुल्क माफ असलेल्या जागांचे) पर्याय पण टाकता येतात, पण तुमच्या लेकीची फी तशीही माफ आहे म्हणून त्याच्यासाठी कॉलेज खाली उतरवू नका.

फॉर्ममध्ये तीनशेपर्यंत पर्याय टाकता येतात. क्रम फक्त आवडीचा लावायचा. बरेच पालक भीतीपोटी मिळेल असं वाटतं ते कॉलेज एक नंबरला टाकतात आणि तिथंच सगळं बिघडतं, कारण पहिल्या राऊंडला एक नंबरचं लागलं की ते घ्यावंच लागतं, पुढच्या राऊंडला त्याहून चांगलं मिळवायची संधी (बेटरमेंट) नाही. २०२५ पासून चार राऊंड केलेत, दुसऱ्या राऊंडला पहिल्या तीनपैकी लागलं तरी तसंच, तिसऱ्याला पहिल्या सहापैकी. यंदाच्या माहितीपत्रकातलं हे पान लेकीला शेजारी बसवून वाचाच. पहिले सहा पर्याय म्हणजे जिथं ती आनंदानं जाईल तेच, बाकी खाली कितीही टाका.

---

सोयाबीन_वाला_बाप:

खडू सरांनी लिहिलंय त्याला माझा अनुभव जोडतो, थोडक्यात. पोराच्या वेळी मी ओरिजिनल टीसी आणि मार्कमेमो असेच एका कॉलेजला देऊन बसलो. कॅपच्या दुसऱ्या राऊंडला सरकारी लागलं तेव्हा कागद परत मागायला गेलो तर आज साहेब नाहीत, उद्या या, चार वर्षांची फी भरा मग देतो. मुदतीच्या आत सीट सोडली तर हजार रुपयांच्या वर कापता येत नाही आणि कागद अडवता येत नाहीत हे मला नंतर कळलं. चार खेपा घातल्या, कागद मिळाले तोवर मुदत संपली होती. पोरगा तिथंच शिकला, चांगला शिकला, पण मला अजून त्याच्याकडं बघून वाईट वाटतं. भाऊ, देऊ नका.

---

चाकण_शिफ्ट_बी:

मी मेकॅनिकल, अकरा वर्षं झाली चाकणला. आता कंपनीतर्फे कॅम्पसला इंटरव्ह्यू घ्यायला जातो त्यामुळं टेबलाच्या पलीकडनं काय दिसतं ते सांगतो.

काका, प्लेसमेंटचं होर्डिंग बघू नका. एकाच पोराला तीन ऑफर असल्या की तीन मोजतात. त्यापेक्षा एनआयआरएफला (केंद्र सरकारचं कॉलेजांचं रँकिंग) पाठवलेली माहिती कॉलेजच्या साईटवर टाकलेली असते ती उघडा, त्यात किती पोरं वेळेत पास झाली, किती लागली, किती पुढं शिकायला गेली आणि मधल्या पोराचा पगार किती हे लिहिलेलं असतं. सगळ्यात मोठं पॅकेज कुणाला मिळालं याच्याशी तुमचा काही संबंध नाही, मधल्या पोराशी आहे. ती माहिती साईटवर सापडतच नसेल तर माझ्या लेखी तो पण एक उत्तरच आहे.

आणि एकदा प्रत्यक्ष जाऊन या, लेकीला घेऊन. ऑफिसात बसू नका. दुपारी तीन चारला लॅबमध्ये डोकवा, पोरं काम करतायत का कुलूप आहे. थर्ड इयरच्या दोन पोरींना गाठून विचारा, मॅथ्सला कोण शिकवतं, मागच्या सेमला वर्गातले किती जण ऑल क्लिअर झाले, होस्टेलचं गेट किती वाजता बंद होतं, पाणी येतं का. पोरी खरं सांगतात.

ब्रँचचं. नांदेडचं एसजीजीएस कॉलेज १९८१ पासूनचं आहे, विष्णुपुरीला, आणि त्याचं नाव आमच्याकडं इंडस्ट्रीत नीट माहितीय. तिथं कॉम्प्युटर आयटीचा कटऑफ वर असतो पण इन्स्ट्रुमेंटेशन, इलेक्ट्रिकल, ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स टेलिकॉम), प्रॉडक्शन पण आहे. इन्स्ट्रुमेंटेशनला लोक दुसऱ्या नंबरचं समजतात पण आमच्या प्लँटवर पीएलसी (मशीन चालवणारे कंट्रोलर), सेन्सर, रोबोटची लाईन सांभाळणारी माणसं शोधून मिळत नाहीत आणि त्यांना कोडिंगही करावंच लागतं. हां पण मी जबरदस्ती करा म्हणणार नाही. लेकीला विचारा कॉम्प्युटर का पाहिजे. मैत्रिणी घेतायत म्हणून का तिला खरंच आवडतं? फॉर्मची तारीख येईपर्यंत तिला रोज तासभर सी नाहीतर पायथनमध्ये कोडिंग करू दे, मोबाईलवर सुद्धा होतं. पंधरा दिवसांनी स्वतःहून करत बसली तर मग चांगल्या कॉलेजचं कॉम्प्युटर आधी, मग पुण्यातलं कॅपमधलं, मग सरकारीतल्या बाकी ब्रँच असा क्रम लावा. कंटाळली तर सरकारी कॉलेजं वर घ्या, नांदेड, संभाजीनगर, अवसरी, कराड, अमरावती, जळगाव, अशी. नवीन निघालेल्या कॉलेजातलं एआय मात्र माझं मत विचाराल तर नको, शिकवायला माणसं कुठून आणणार आहेत?

---

शीट_नंबर_तीन:

काका मी हिंगोली जिल्ह्यातली, मराठी शाळा, आता सरकारी कॉलेजला फायनल इयरला आहे. टिकेल का विचारलंत म्हणून खास लिहायला बसले.

इंग्रजीची काळजी तुम्हाला वाटते तेवढी नका करू, अकरावी बारावी सायन्स तिनं इंग्रजीतनंच दिलंय ना. पुस्तक वाचता येतं, अडतं ते बोलायला. मला पहिल्या ओरलला सरांनी विचारलं व्हॉट इज युवर आउटपुट, उत्तर येत होतं पण तोंडातनं शब्दच निघेना, सर पुढच्या मुलीकडे वळले. मग मी प्रत्येक प्रॅक्टिकल झालं की रूमवर भिंतीकडे तोंड करून तीन वाक्यं मोठ्यानं बोलायचे, काय केलं, का केलं, काय मिळालं. चुकीच्या इंग्रजीत सुद्धा. रूममेटला सवय झाली. दुसऱ्या सेमपर्यंत भीती गेली.

खरं पाडतं ते एम-वन, म्हणजे पहिल्या सेमचं गणित. पहिल्या टेस्टला मला वीसपैकी सहा होते आणि मी सीईटीला मॅथ्समध्ये वर्गात पहिली. का ते नंतर कळलं. दोन वर्षं आपण चार पर्यायांतून उत्तर उचलायला शिकतो, पर्याय टाकून बघायचं, ट्रिक लावायची, आणि इथं पांढरा कागद देतात नि पूर्ण स्टेप मागतात, माझा हात तिसऱ्या ओळीला थांबायचा. मग सीनियर ताईने सांगितलं रोज दोन गणितं, पुस्तक बंद करून, घड्याळ लावून, मागच्या पेपरातली. फक्त दोन पण रोज. दिवाळीपर्यंत हात सुटला. तुमच्या लेकीला आत्ता सुट्टीत एवढंच करू द्या, बारावीचं डिफरन्सिएशन, इंटिग्रेशन, मॅट्रिक्स पर्याय न बघता लिहून काढायचं. कॅपचे राऊंड लांबतात, पहिलं सेम आखूड होतं, सर लोक धावतात, तेव्हा मागचं काढायला वेळ नसतो.

दुसरं ड्रॉइंग. होस्टेलला सगळे जीटी मारतात, म्हणजे काचेखाली बल्ब लावायचा, वर दुसऱ्याची शीट, त्याच्यावर आपली कोरी, आणि रेघा उमटतात तशा ओढायच्या. मी पहिल्या तीन शीट अशाच मारल्या, रात्री दोन वाजता, काच इतकी तापायची की मनगट भाजायचं. शीटवर सही मिळाली. पण पेपरला ठोकळ्याचं चित्र समोर आलं तर त्याचा टॉप व्ह्यू कसा दिसेल ते मला डोळ्यासमोर आणताच येईना, कारण मी कधी बघितलंच नव्हतं, नुसतं गिरवलं होतं. तो विषय माझा बॅक राहिला. परत बसून काढला पण पुढं अर्ध्या कंपन्यांचा पहिला प्रश्न असतो लाइव्ह बॅकलॉग (अजून न सुटलेला विषय) आहे का. मग साबण कापून ठोकळे करून शिकले, खरंच, कपड्याच्या साबणाचे. तुमच्या लेकीला सांगा शीट कितीही वाईट येऊ दे, स्वतः काढ.

बाकी भराभर सांगते. होस्टेलचा फॉर्म वेगळा असतो, ॲडमिशनच्या दिवशीच विचारा. महाडीबीटी (शिष्यवृत्तीची सरकारी साईट) वरचा फॉर्म पहिल्याच आठवड्यात भरा आणि खातं आधारला लिंक आहे का बँकेत जाऊन बघा, दरवर्षी रिन्यूअल असतं, ते विसरलं की पैसे अडकतात. वसतिगृह भत्त्याची एखादी योजना तुम्हाला बसते का ते पण विचारा. लॅपटॉप लगेच घेऊ नका, महिनाभर कॉलेजच्या लॅबवर चालतं, मग डिपार्टमेंटला विचारून घ्या.

आणि पहिले दोन महिने ती रडेल काका. फोनवर आवाज बारीक येईल. तेव्हा परत ये म्हणू नका आणि एवढा खर्च केलाय असंही म्हणू नका. माझे बाबा नुसतं विचारायचे आज जेवायला काय होतं, आणि मी सांगत बसायचे.

---

काळी_माती:

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमचं सगळं लेकीला मोठ्यानं वाचून दाखवलं, तिची आई पण बसली होती. त्या माणसाला फोन करून नाही म्हणून सांगितलं, तो बराच वेळ बोलत होता पण मी ऐकून घेतलं आणि ठेवला. नॉन क्रिमीलेअर बघितलं तर मुदत याच मार्चला संपलेली, सरांनी लिहिलं नसतं तर मी तेच जोडणार होतो. उद्या सकाळच्या एसटीनं सेतूवर जातो, सोमवारी लेकीला घेऊन नांदेडला कॉलेज बघायला. शेंगदाण्याच्या डब्याला टेकवून मोबाईल ठेवलाय तिनं आणि कालपासून सी का काय ते करतीय.

एकच विचारायचं राहिलं, ड्रॉइंगचं सामान पुण्याहून आणावं लागतं का?

---

शीट_नंबर_तीन:

नाही काका, कॉलेजच्या गेटबाहेरच मिळतं सगळं. आणि मिनी ड्राफ्टर (रेघा मारायचं साधन) तर विकतच घेऊ नका, सेकंड इयरच्या कुठल्याही मुलीकडे कपाटावर पडलेला असतो, मागितला की देतात. माझा पण आहे, स्क्रू थोडा ढिला झालाय, एक कागदाची घडी घालून घट्ट केला की नीट चालतो.