ट्रॉली उलटली की चूक कामगाराचीच का?

जुना फिटर: काल इथं एकानं लिहिलंय, "पोरं मोबाईलमध्ये असतात म्हणून ट्रॉली अंगावर येते, उगाच कंपनीला दोष देऊ नका." वाचून डोकं फिरलं. आमच्या लाईनवरचा बावीस वर्षांचा पोरगा, ट्रॉलीवर छातीपर्यंत कास्टिंगचे, म्हणजे ओतीव लोखंडी भागांचे, क्रेट, पुढच्या चाकात सुतळी नि स्ट्रॅपिंगची पट्टी गुंडाळून चाक जाम, तीन आठवडे सगळ्यांना माहीत. फ्लोअरच्या खाचेत अडकलं, त्यानं ओढलं, सगळं अंगावर. नडगी दोन ठिकाणी मोडली. मोबाईल गेटवर जमा होता.

शिफ्ट इनचार्ज: ओढलं ना? पहिल्या दिवशीच सांगतो, ट्रॉली ढकलायची, ओढायची नाही. जड माल खाली, हलका वर. माना डोलावतात नि दोन फेऱ्यांचा माल एका फेरीत भरतात.

जुना फिटर: तासाचं टार्गेट बोर्डावर कोण लिहितं मग?

फोर्कलिफ्टवाला: माल उचलायचे पुढचे काटे वर ठेवून वळलं की फोर्कलिफ्ट आडवी होते. तेव्हा उडी मारायची नाही, बेल्ट लावलेला पाहिजे, स्टिअरिंग घट्ट धरून पडते त्याच्या उलट बाजूला झुकायचं. उडी मारणारा वरच्या गार्डखाली सापडतो. हे मला पण शिकवलंय, पण आमच्या गाडीच्या बेल्टचं बकलच तुटलंय त्याचं काय करू?

माथाडीची लेक: मशीनचं सगळे बोलतात, पाठीचं कोण बोलणार? वडिलांनी मार्केटयार्डात 100 किलोची पोती वाहिली. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून 1969 चा माथाडी कायदा आला, बाबा आढावांची हमाल पंचायत भांडली, तरी पोतं 50 किलोवर यायला जन्म गेला. आज वडिलांना खाली बसलं की उठायला दाराची चौकट धरावी लागते.

कांदावाला: ताई, वाईट वाटलं. पण हमाली, तोलाई (वजन करायचे पैसे) आमच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशोबातून कापतात. पोतं लहान झालं की पोती वाढतात, पोती वाढली की हमाली वाढते, भरायचं शेतकऱ्यानं.

माथाडीची लेक: म्हणून परत 100 चं पोतं द्यायचं का पाठीवर?

कांदावाला: असं कुठं म्हटलं? तोंडात शब्द घालू नका. कांदा 2 रुपये किलोनं गेला तेव्हा गाडीभाडं खिशातून दिलंय मी. हमाली खरेदीदारानं भरावी एवढंच म्हणतोय.

माथाडीची लेक: मग तसं सरळ म्हणा, त्याला माझा पाठिंबाच आहे. पोत्याच्या वजनावर मात्र एक किलो सोडणार नाही.

शिफ्ट इनचार्ज: मूळ विषयावर या. नियम मुद्दाम मोडला तर भरपाई नाही, हे कायद्यातच आहे.

जुना फिटर: अर्धंच वाचलंय तुम्ही. भरपाईच्या कायद्यात हे पण आहे की माणूस मेला किंवा कायमचा पूर्ण अपंग झाला तर मालकाला ती सबब चालत नाही. आणि जाम चाक त्या पोरानं मुद्दाम केलं होतं का?

शिफ्ट इनचार्ज: मेन्टेनन्सला स्लिप दिली होती?

जुना फिटर: दोनदा. दुसरी मीच लिहिली. उत्तर आलं, चाकं ऑर्डर केलीत.

शिफ्ट इनचार्ज: मग चाकाचं मान्य, ती ट्रॉली त्याच दिवशी बाजूला काढायला हवी होती. उद्या माझ्या शिफ्टच्या सगळ्या ट्रॉल्या उलटवून चाकं बघतो. पण ओढायची नाही, हे माझं म्हणणं कायम आहे.