मदत हवी आहे: कॅनॉलला अस्तरीकरण (पाणी झिरपू नये म्हणून आतून काँक्रीटसारखा थर) केल्यावर क्षारपड थांबते का?
नमस्कार मंडळी, वाळवा तालुक्यात कॅनॉलच्या खालच्या अंगाला आमचं काळं रान आहे, पाझरानं सारखं पाणथळ होतंय, उन्हाळ्यात वर पांढरं मीठ फुटतं आणि ऊस नीट उगवतच नाय. वाचलं की अमेरिकेत कोलोरॅडो नदीचा खारटपणा कमी करायला 1974 च्या कायद्यानंतर ग्रँड व्हॅलीत कॅनॉलला अस्तर केलं, पाइपा टाकल्या, कारण पाझरलेलं पाणी खालच्या शेल खडकातलं मीठ विरघळवून नदीत नेत होतं. आपला खडक बेसाल्ट, पण पाटपाण्याचा मारा आहेच की. मग नुसत्या अस्तरीकरणानं भागतं का रानात जमिनीखाली सच्छिद्र पाइपा पुरून पाण्याचा निचरा करावाच लागतो? शेजारी म्हणतात विहिरी आटतील (त्यांची कॅनॉललाच खेटून आहे म्हणा). ज्यांनी केलंय त्यांनी सांगा, आणि जिप्सम (जमीन सुधारायला टाकतात ती भुकटी) निचऱ्याआधी टाकायचं का नंतर?