शिनरिन-योकू: खरंच उपचार की पैसे देऊन जंगलात चक्कर?

नागोयाकर
जपानात नागोयाला सहा वर्षं काढली आणि गेल्या ऑक्टोबरात एकदाचा अकासावाला जाऊन आलो. नागानो प्रांतात आगेमात्सु गावाजवळ हिनोकीचं, म्हणजे जपानी सायप्रसचं, जंगल आहे, शिनरिन-योकूचं जन्मगाव म्हणतात त्याला. शिनरिन म्हणजे जंगल, योकू म्हणजे आंघोळ, सूर्यस्नान-समुद्रस्नानाला जपानीत जे शब्द आहेत त्याच चालीवर १९८२ साली बनवलेला शब्द. बायको म्हणाली टॉवेल घेऊ का 😄

गाइडबाई साठीच्या पुढच्या. पहिल्या दहा मिनिटांत मी तीनदा पुढे निघून गेलो आणि तिन्ही वेळा त्या मागेच उभ्या, काही न बोलता. मग कळलं की चालणं हा मुद्दाच नाहीये. ओढ्याकाठी बसवलं, हातात हिनोकीचा एक ढलपा दिला, म्हणाल्या घासा आणि वास घ्या. लिंबाची साल आणि सुताराने नुकताच रंधा मारलेलं लाकूड, दोन्ही एकदम. वीस मिनिटं बसलो असेन, फोन खिशातच. त्या रात्री कित्येक महिन्यांनी सलग सात तास झोपलो. माझं मत सरळ आहे, हे काम करतं आणि गाइडला दिलेले पैसे वाया जात नाहीत. कोणाला पटत नसेल तर बोला.

संशयात्मा
मी बोलतो. झोप लागली कारण नागोयाहून निघालात, डोंगरातली थंड हवा खाल्लीत, दिवसभर लॅपटॉप उघडला नाहीत. यात हिनोकीचं श्रेय किती आणि सुट्टीचं किती?

सगळीकडे फिरणारा दावा आहे तो निप्पॉन मेडिकल स्कूलच्या चिंग ली यांचा, की जंगलात तीन दिवस राहिलं की नॅचरल किलर पेशी, म्हणजे शरीरातल्या बिघडलेल्या पेशी मारणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, जास्त जोमाने काम करतात. पहिल्या प्रयोगात माणसं किती होती? १२. सगळे तोक्योतल्या कंपन्यांचे पुरुष. दुसरा मोठा अभ्यास चिबा विद्यापीठाच्या लोकांचा, ३५ जंगलं, ४२० जण, तो बरा आहे, पण आकडे वाचा ना. शहराच्या तुलनेत कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, १२.४ टक्के कमी, ठीक. वरचं बीपी १.४ टक्के कमी. म्हणजे १२० वर दोनसुद्धा नाही!! आणि ते सगळे कॉलेजातले तरणेबांड पोरगे, त्यांना बीपीचा त्रास होता कुठे. यावरून 'उपचार' शब्द वापरायचा म्हणजे अतीच झालं.

नागोयाकर
@संशयात्मा १२ जण कमी आहेत, मान्य. पण सुट्टीचं श्रेय किती हा प्रश्न ली यांनाही पडलाच होता की. म्हणून तशाच १२ जणांना शहराच्या ट्रिपलाही नेलं, तेवढेच दिवस, तेवढंच चालणं. पेशींवर काहीच परिणाम नाही. आणि शहर कुठलं निवडलं माहितीये? नागोया. झाडं जवळजवळ नसलेलं शहर म्हणून 😭 आम्ही इथे भाडं भरतो हो.

सातारी_कंदी
मला या सगळ्याचं हसू येतं. आपली आजी रोज रानात जायची, तिला कोणी सर्टिफिकेट दिलं का? आपल्याकडचंच ज्ञान जपान्यांनी नाव बदलून विकलं की आपण माना डोलवायच्या.

तिरफळ
@सातारी_कंदी तुमची आजी रानात मोळी आणायला जायची हो दादा. माझीपण जायची. डोक्यावर ओझं, पायात काटे, घरी येऊन पुन्हा चूल. तिला कोणी म्हटलं असतं वीस मिनिटं ओढ्याकाठी बस आणि नुसता वास घे, तर तिने आधी म्हटलं असतं मग म्हशीला कोण बघणार. रानात असणं आणि रानात रिकामं बसायला मिळणं एक नाही, कृपया आजीला यात ओढू नका.

सातारी_कंदी
बरं राहिलं. पण आजी ९१ वर्षं जगली.

शिंकसम्राज्ञी
तोक्योशेजारच्या साईतामाहून लिहितेय, नाक गळत असताना 🤧 जपानचं जंगल म्हटलं की सगळ्यांना हिरवं-शांत वगैरे दिसतं, मला फेब्रुवारी ते मेच्या सुरुवातीपर्यंत फक्त परागकण दिसतात. आधी सुगीचे (हंगाम नव्हे, सुगी म्हणजे जपानी सीडरचं झाड), ते संपत आले की तुमच्या लाडक्या हिनोकीचे. ही झाडं आपोआप एवढी वाढली का? नाही. युद्धानंतर घरं बांधायला लाकूड हवं म्हणून डोंगरच्या डोंगर सुगी-हिनोकी लावले, १९६४ मध्ये लाकडाची आयात खुली झाली, स्वस्त लाकूड बाहेरून यायला लागलं, इथलं तोडणं परवडेना, झाडं तशीच उभी. आज जपानच्या जंगलातलं साधारण ४० टक्के लावलेलं आहे.

आणि गंमत बघा, शिनरिन-योकू हा शब्द कोणी काढला? तोमोहिदे आकियामा, तेव्हाचे सरकारी वनखात्याचे प्रमुख. वनखातं तेव्हा तोट्यात, लाकूड विकलं जात नाही, मग हवा विका. अर्ध्या देशाला शिंकायला लावायचं आणि वर त्याच जंगलात आंघोळीला या म्हणायचं 👏

संशयात्मा
वा ताई. हे मला माहीत नव्हतं, माझ्या मुद्द्याला बळच आलं. आधी जाहिरात, मग तिला धरून संशोधन.

नागोयाकर
थांबा थांबा. आकियामांचा हेतू पर्यटनाचा होता, कोण नाही म्हणतंय. पण जाहिरातीसाठी सांगितलेली गोष्ट खोटीच असते असं कुठे आहे. आणि अकासावा म्हणजे युद्धानंतरची लागवड नव्हे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला किल्ले आणि शहरं बांधायला किसो खोऱ्यातली, म्हणजे अकासावाच्याच भागातली, झाडं इतकी तोडली की डोंगर बोडके पडले, मग ओवारीच्या, म्हणजे नागोयाच्या, सरदारांनी पाच जातींची झाडं तोडायला बंदी घातली. एक हिनोकी तोडलं की एक मुंडकं, अशी म्हणच होती तिथे. आत्ताची झाडं त्यानंतर उगवलेली, ३०० वर्षांची. आत छोटी आगगाडी आहे, पूर्वी ती ओंडके वाहायची, आता पोरं बसतात.

सुगीच्या ऍलर्जीबद्दल मात्र हात जोडतो, ते दुःख खरंय.

रात्रपाळी
मी तोक्योत वृद्धाश्रमात काम करते, त्यामुळे पेशी आणि टक्के सोडा. आमच्या इथून ओकुतामाला नेलं होतं, जाताना बीपी आणि लाळेवरून ताण मोजायची पट्टी, येताना परत. माझं बीपी येताना वाढलं होतं, कारण गाइडने सुरुवातीलाच अस्वलांबद्दल सांगितलं आणि अस्वलं लांब राहावीत म्हणून सगळ्यांच्या पिशवीला घंटी बांधली. शांतता अनुभवा म्हणे, आणि अकरा बायका किणकिण किणकिण चालल्यात, वारीला निघाल्यासारख्या.

पण एक खरं सांगू, मी स्वतःहून कधीच वीस मिनिटं बसले नसते. पैसे भरलेत म्हणून बसले. घरी बसलं की कोणीतरी काहीतरी मागतं. @तिरफळ तुमचं वाचून तेच आठवलं. त्यामुळे गाइडचे पैसे झाडांचे नाहीत असं मला वाटतं, ते बसवून ठेवल्याचे आहेत.

संशयात्मा
@रात्रपाळी हे मला पटतं. 'बसवून ठेवण्याची फी' असा बोर्ड लावला तर मी पण भरेन. माझा राग फक्त कॅन्सरशी लढणाऱ्या पेशी असं लिहिलेल्या ब्रोशरवर आहे. प्रयोगशाळेत पेशी जोमात दिसणं वेगळं आणि माणूस कमी आजारी पडणं वेगळं, हे दुसरं अजून कोणी नीट दाखवलेलं नाही.

तिरफळ
आणि ते हॉटेलच्या खोलीत ह्युमिडिफायरने हिनोकीचं तेल उडवलं होतं तो प्रयोग? त्यातही पेशी वाढल्या म्हणतात. मग जंगलात कशाला जायचं, बाटली आणू.

नागोयाकर
हो, तो पण ली यांचाच, तीन रात्री, परत १२ माणसं 🙈 बाटली माझ्याकडे आहे, स्टेशनजवळ घेतली होती. बायको म्हणते बाथरूम क्लीनरचा वास येतो.

शिंकसम्राज्ञी
जायचंच झालं तर कधी जाऊ? नाकाला झेपेल असा महिना सांगा.

नागोयाकर
ताई, ऑक्टोबर. परागकण नाहीत आणि नोव्हेंबरात थंडीसाठी बंद करतात त्याच्या आत. नागोयाहून शिनानो एक्सप्रेस, आगेमात्सुहून बसने अर्धा तास, बस फार नसतात त्यामुळे परतीची वेळ आधी बघून ठेवा. घंटी तुमची तुम्ही आणा.