मदत हवी आहे: बाबांचा जुना डेस्कटॉप, २ जीबी रॅम, फायबर आणि श्रीलिपीचं लॉक

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

बाबा वाईला असतात. शाळेतून निवृत्त झाल्यापासून घरीच डीटीपी करतात. लग्नपत्रिका, पतसंस्थेचा वार्षिक अहवाल, देवस्थानाची पावतीपुस्तकं असं काहीबाही. पैशापेक्षा हौस जास्त. त्यांच्या कॉम्प्युटरबद्दल सल्ला हवाय. मी पुण्यात असते, सुट्टीला जाऊन जमेल तेवढं करणार.

यंत्र असं आहे: कोअर टू ड्युओ ई७५०० प्रोसेसर, जी४१ चिपसेटचा मदरबोर्ड, डीडीआर३ रॅम २ जीबी (एकच पट्टी, दुसरा स्लॉट रिकामा), ५०० जीबीची हार्ड डिस्क, ३२ बिटी विंडोज ७. त्यावर पानं मांडायला पेजमेकर ७ आणि मराठी फॉन्टसाठी श्रीलिपी. श्रीलिपीचं लॉक (जोडल्याशिवाय ती चालत नाही असं छोटं उपकरण) जुनं, मागच्या बाजूला प्रिंटरच्या लांबट पोर्टला लावायचं. इंटरनेट टेलिफोनच्या तारेवर, एडीएसएल मॉडेमने.

पत्रिकांचं काम अजून सुरळीत चालतं, तक्रार नाही. रडगाणं इंटरनेटचं आहे. क्रोम १०९ वर अडकलाय, बँकेची साइट उघडतच नाही, बाकीच्या साइट कधी उघडतात तर कधी 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणतात. दोन टॅब उघडले की माऊससुद्धा अडखळतो. पावसाळ्यात फोनवर खरखर सुरू झाली की मॉडेमचा दिवा लुकलुकत बसतो. आता लाइनमन सांगून गेलाय की आमच्या आळीत फायबर येतंय, तांब्याची तार बंद होईल.

तर विचारायचं हे, की रॅम ८ जीबी करून विंडोज १० टाकावं का? मॉडेम फायबरला चालेल का, की तोही भंगारात? आणि पेजमेकर-श्रीलिपीला धक्का लागता कामा नये, नाहीतर बाबा मला घरात घेणार नाहीत.

खटपट्या

ताई, स्पष्ट बोलतो. त्या डब्यावर एक रुपयाही घालू नका. ऑफिसांतून निघालेले आठव्या पिढीच्या आय५ चे डेस्कटॉप मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास चौकशी केलीत तर मिळतील. विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढेच चालतं. विंडोज १० आता टाकण्यात अर्थ नाही, त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. युट्यूबवर 'जुन्या मशीनवर विंडोज ११' असे व्हिडिओ दिसतील, त्यांच्या नादी लागू नका. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीला प्रोसेसरमध्ये पॉपकाउंट आणि एसएसई ४.२ या सूचना लागतात. कोअर टू ड्युओत त्या नाहीत, त्यामुळे ती बूटच होणार नाही.

कृष्णाकाठ

धन्यवाद दादा. पण नव्या मशीनला ते लॉक कुठे लावायचं?

पिवळी_फाईल

खटपट्या, तुम्ही डीटीपी केलेलं दिसत नाही. :)

ताई, पंचवीस वर्षं याच धंद्यात आहे, म्हणून सांगते. अडचण नुसत्या पोर्टची नाही. पोर्टवाली मशीन शोधून मिळेल, नाहीतर कार्ड बसवता येईल. पण विंडोज ११ फक्त ६४ बिटीच येतं, आणि ६४ बिटी विंडोज ३२ बिटी ड्रायव्हर घेतच नाही. जुन्या लॉकचा ड्रायव्हर ३२ बिटी असेल तर लॉक समोर लटकलेलं असूनही श्रीलिपी म्हणणार, लॉक सापडत नाही. यूएसबीवरून प्रिंटर पोर्ट करणारी केबल मिळते ती प्रिंटरपुरती, लॉकसाठी तिच्यावर विसंबू नका. कंपनीकडून नवीन आवृत्ती आणि यूएसबी लॉक घेणं हा सरळ मार्ग आहे, पण त्यासोबत पेजमेकर सोडून इनडिझाइन शिकणं येतं. बाबांची तयारी आहे का, ते त्यांनाच विचारा.

माझं मत: त्या विंडोज ७ ला हातच लावू नका. रॅम वाढवा, पण विंडोज बदलू नका. ते फक्त पत्रिकांसाठी ठेवा आणि त्याचं नेटवर्क कार्ड डिव्हाइस मॅनेजरमधून डिसेबल करा. इंटरनेटसाठी २४० जीबीची वेगळी एसएसडी घेऊन तिच्यावर लिनक्स मिंट २२ (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) टाका. त्याला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. ई७५०० हा ६४ बिटी प्रोसेसर आहे, त्यामुळे मिंट बसेल. टाकताना जुन्या हार्ड डिस्कची केबल काढून ठेवा, म्हणजे मिंटचा बूटलोडर (मिंट सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम) चुकूनही तिच्यावर जाणार नाही. नंतर दोन्ही जोडा आणि मशीन चालू होताना बूट मेनूतून हवी ती डिस्क निवडा. मिंटला विंडोजची डिस्क वाचता येते, तेव्हा पत्रिकेची पीडीएफ तिथून उचलून थेट मेल करता येईल. पेजमेकरची फाईल मात्र तिकडे उघडणार नाही, तो आग्रह धरू नका.

आणि सगळ्यात आधी त्या ५०० जीबीच्या डिस्कची क्लोनझिलाने दुसऱ्या डिस्कवर पूर्ण नक्कल काढा. एवढी जुनी डिस्क सांगून जात नाही.

खटपट्या

३२ बिटी ड्रायव्हरचा मुद्दा मान्य. मग रॅमबद्दल नीट ऐका, कारण जी४१ वर इथेच लोक फसतात.

हा चिपसेट जास्तीत जास्त ८ जीबी घेतो, पण कोणतीही ४ जीबीची पट्टी घेत नाही. ४ जीबीच्या पट्टीवर आठच चिप असतील तर प्रत्येक चिप ४ गिगाबिटची झाली, आणि ती जी४१ ला वाचता येत नाही. मग बीप वाजतो, नाहीतर स्क्रीन काळी. २ गिगाबिटच्या सोळा चिप दोन्ही बाजूंना मिळून लागतात. पट्टीवरच्या स्टिकरवर २आरएक्स८ असेल तर घ्या, १आरएक्स८ असेल तर परत करा. नुसत्या चिप मोजूनही भागत नाही. बाजारात 'फक्त एएमडीसाठी' अशा स्वस्त पट्ट्या फिरतात, त्यांवरही सोळा चिप दिसू शकतात आणि तुमच्यासारख्या इंटेलच्या प्रोसेसरवर त्या चालत नाहीत. दुकानदार म्हणेल 'डीडीआर३ म्हणजे डीडीआर३'. ऐकू नका.

२ जीबीच्या दोन पट्ट्या टाकल्यात तरी ४ जीबी होतील, आणि त्या सहज मिळतात. ३२ बिटी विंडोजला त्यातली सव्वातीनच्या आसपासच दिसेल, मिंट पूर्ण वापरेल. बँक, मेल आणि एखादा व्हिडिओ एवढंच असेल तर तेवढं पुरेल. खरा फरक एसएसडीने पडेल. या बोर्डावर डिस्क जोडायची सोय जुन्या सॅटा २ ची आहे, म्हणजे एसएसडी पूर्ण वेगाने पळणार नाही, पण जुन्या फिरत्या डिस्कपुढे तरीही खूपच बरी.

घाटावरचा

बाकी सगळं नंतर. आधी कॉम्प्युटरची तारीख बघा. 'कनेक्शन सुरक्षित नाही' हे बऱ्याचदा बोर्डावरचा सीआर२०३२ सेल मेल्यामुळे येतं. बंद केला की घड्याळ पार मागच्या सालात जातं आणि साइटची सर्टिफिकेटं चुकीची वाटायला लागतात.

तारायंत्र

मॉडेमचं मी सांगतो. एडीएसएलचा मॉडेम तांब्याच्या तारेसाठी असतो, फायबर त्यात जाणारच नाही. फायबरला ओएनटी लागतो, म्हणजे फायबरच्या टोकाला घरात बसवायचा डबा. तो स्वतःहून ऑनलाइन मागवू नका. तुमच्या भागात जीपॉन आहे की ईपॉन (फायबरच्या दोन वेगळ्या पद्धती), हे आधी जोडणी देणाऱ्याला विचारा. शिवाय ओएनटीचा सिरियल नंबर त्यांच्या बाजूला नोंदवावा लागतो, नाहीतर दिवे लागतील आणि इंटरनेट मिळणार नाही. लॉस नावाचा लाल दिवा लुकलुकला तर फायबरमधून प्रकाश पोचत नाहीये असं समजा. तेव्हा सेटिंगमध्ये बोटं घालण्यापेक्षा वायर कुठे घडी पडून दबली आहे का ते बघा. फायबरला टोकदार वळण चालत नाही, दाराच्या फटीतून तर ती मुळीच घेऊ नका.

जुना मॉडेम टाकू नका. लांबच्या खोलीत वाय-फाय पोचत नसेल तर त्याचा डीएचसीपी (इतर यंत्रांना आयपी पत्ते वाटायची सोय) बंद करा, आयपी पत्ता ओएनटीपेक्षा वेगळा पण त्याच मालिकेतला द्या आणि ओएनटीच्या लॅन पोर्टमधून याच्या लॅन पोर्टला केबल जोडा. वाय-फायचा उपग्रह तयार. पोर्ट १०० एमबीपीएसचे असतील तर त्यापुढे वेग मिळणार नाही, पण मोबाईलवर कीर्तन ऐकायला काय हरकत आहे. डेस्कटॉपला मात्र सरळ केबलच लावा. यूएसबी वाय-फायचे काही स्वस्त अडॅप्टर लिनक्सवर फार छळतात.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. शनिवारी जाऊन आले. घाटावरचा, तुमचं निदान बरोबर निघालं, यंत्र २००९ सालात होतं. सेल बदलल्यावर बऱ्याच साइट उघडल्या. बँक मात्र जुन्या क्रोमला अजूनही उभं करत नाही. दुकानात १आरएक्स८ दाखवली, ती ठेवायला सांगून २ जीबीच्या दोन घेतल्या, यंत्राने लगेच ओळखल्या. नक्कल काढून झाली. मिंटही बसलं, बँक उघडली, इनस्क्रिप्ट कळपट्टीने मराठी टाइप होतंय. बाबा म्हणाले, 'कळपट्टी तीच आहे ना, मग ठीक.'

आता एकच. लँडलाइनचा नंबर बाबांना सोडायचा नाही, गिऱ्हाइकांच्या वह्यांत तोच आहे. फायबरवर तो राहतो का?

तारायंत्र

फॉर्म भरतानाच 'नंबर तोच हवा' असं लेखी द्या. तो ओएनटीच्या फोन पोर्टवरून चालतो, जुनं टेलिफोन यंत्र तिथेच लावायचं. एक फरक आधीच सांगून ठेवा: तांब्याच्या तारेला वीज एक्सचेंजमधून यायची, म्हणून लाइट गेले तरी फोन वाजायचा. आता ओएनटी बंद पडला की फोनही गप्प. त्याला छोटा डीसी यूपीएस घ्या. ओएनटीच्या अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट, बहुतेक १२ असतात, आणि अँपिअर वाचूनच घ्या, आणि पिन जुळते का ते दुकानातच लावून बघा.